तापीकाठाने एकटी: चांगदेव ते प्रकाशा

नकाशा पाहिला की वाटतं, तापी डाव्या हाताला ठेवायची आणि पश्चिमेला चालत सुटायचं. तसं जमत नाही. काठाच्या उंच गाळमातीला पावसाने चिरून खोल घळी पाडल्या आहेत. एक चढून वर यावं तर पुढे दुसरी. म्हणून शिवाररस्त्यांनी गाव ते गाव चालायचं, पुढची वाट प्रत्येक गावात विचारायची आणि नदीला अधूनमधून भेटायचं.

जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, मी तिथून निघाले. भुसावळजवळच्या पुलावरून एकदा उत्तर तीरावर आलं की नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशापर्यंत पुन्हा तापी ओलांडावी लागत नाही. यावल, चोपडा, शिरपूर जोडणारा मोठा रस्ता मात्र शक्य तितका टाळा. केळीचे ट्रक अगदी अंगावरून जातात.

उजाडताच निघायचं, ऊन तापायच्या आत मोठा टप्पा उरकायचा. दुपारी एखाद्या मारुतीच्या पारावर बूट-मोजे काढून पाय सुकवायचे. हे रोज केलं तर फोड येत नाहीत. चारनंतर नवं अंतर धरायचं नाही, मुक्काम शोधायचा. बाईने एकटीने तर हा नियम मोडूच नये. गावात शिरले की मी आधी पोलीस पाटील किंवा आशाताईंचं घर विचारायची. 'कथा चालनी वं माय?' (कुठे निघालीस गं बाई?) असं कुणी आजीने अहिराणीत विचारलं की निम्मं काम झालंच. केळीच्या बागांतून अंधारात चालू नका, त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो.

यावल तालुक्यातल्या एका मळ्यात मला भरिताचं जेवण मिळालं. मोठी हिरवी वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर काळी होईतो भाजली, सोलली आणि लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचली. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मी पैसे पुढे केले तर घरच्या काकूंनी माझी मूठ मिटवली. अशा घरासाठी पिशवीत गूळ-चण्यासारखं काहीतरी ठेवा, मुलांच्या हातात देता येतं.

पाणी गावातल्या फिल्टरवर भरून घ्या, दोन लिटर कायम जवळ हवंच. सुट्टे पैसे, पॉवर बँक, जाड चादर विसरू नका. डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी असते. जायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीतच. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पावसाळ्यात काळी माती पाय उचलू देत नाही.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. ती पाहायची असेल तर राहायची सोय आधीच करा, आयत्या वेळी जागा मिळणं अवघड. तिथून पुढे प्रकाशा: गोमाई-तापी संगम, केदारेश्वराचं मंदिर, घाट. परतीसाठी प्रकाशाहून नंदुरबारची एसटी धरा. नंदुरबार सुरत-भुसावळ मार्गावर असल्याने भुसावळकडची रेल्वे तिथेच मिळते.