तळघरातलं ऑफिस

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात घरांमधला रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू, मोजणं हा माझा व्यवसाय. जानेवारीत कामाची झुंबड असते, कारण घरं बंद आणि हीटर अखंड चालू असतात. डेस मॉइनजवळच्या एका मराठी कुटुंबाने बोलावलं तेव्हाही बाहेर गुडघाभर बर्फ होता.

वावर असलेल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर यंत्र ठेवायचं, म्हणून तळघरात उतरले. खाली गालिचा, ट्रेडमिल, दोन मॉनिटरांचं टेबल. २०२० मध्ये ऑफिस बंद झालं ते घरातल्या सूनबाईंच्या कंपनीने पुन्हा उघडलंच नाही. कोपऱ्यातला पलंग सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूसासऱ्यांचा.

"घर घेताना टेस्ट केली होती, पास झालो होतो," ती म्हणाली. कागदावर ३.६ होतं. ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति लिटर किंवा त्याहून जास्त निघालं तर दुरुस्ती करा, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. त्यावरून घरांच्या दलालांनी पास-नापास काढलंय. मला याचा राग येतो. २ ते ४ च्या मध्ये असलात तरी दुरुस्तीचा विचार करा, असं तीच ईपीए म्हणते. शिवाय ती टेस्ट जूनमधली, आणि तेव्हा तळघरात फक्त खोकी होती.

दोन दिवसांनी यंत्र उचललं. सरासरी ११.२. दर तासाचा आलेख काढून दाखवला, तर रात्री थंडी वाढली की रेघ वर चढत होती. घरातली गरम हवा वर जाऊन छपराकडून निसटते, खाली दाब कमी होतो आणि फरशीच्या भेगांतून, पाणी उपसायच्या खड्ड्यातून जमिनीतला वायू आत ओढला जातो. चहाच्या कपात बुडवलेल्या स्ट्रॉसारखं घर जमीन चोखत असतं म्हणा ना.

आजोबा उठून जवळ आले. "वास येतो का त्याला?"

"नाही. रंग नाही, चवही नाही."

"मग सांगलीत कधी ऐकलं नाही ते?"

प्रश्न रास्त होता. मातीखडकातल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. आपल्याकडच्या काळ्या कातळात युरेनियम मुळातच कमी, आणि खिडक्या बारा महिने उघड्या. आयोवाची जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची. ईपीएच्या नकाशावर अख्खं राज्य सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात येतं.

आजोबांनी सिगारेट सोडून बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर ४ च्या पातळीत राहिलेल्या हजार धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे ६२ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, कधीच न ओढणाऱ्यांत ७ जणांना, असा ईपीएचा अंदाज. "तुम्ही मधे कुठेतरी," मी म्हटलं. "पण तुम्ही जूनमध्ये परत जाणार. मला काळजी सूनबाईंची आहे."

पूर्वी ती दिवसभर गावातल्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसायची. आता सकाळच्या मीटिंगपासून व्यायामापर्यंत सगळं तळघरातच. फुप्फुसाला काय पोचतं ते पातळी गुणिले तास असं ठरतं. तिच्या बाबतीत दोन्ही वाढले होते. अमेरिकेत रेडॉनमुळे दरवर्षी सुमारे २१,००० माणसं फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात, त्यातली बरीचशी सिगारेट ओढणारी. पण न ओढणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचं पहिलं कारण रेडॉनच. कधी खोकला येतो, कधी डोकं दुखतं असं काही लक्षणही नाही, त्यामुळे डॉक्टरकडे जाऊन आधी कळण्यातला हा प्रकार नाही.

पलंग त्याच संध्याकाळी वर गेला. पुढच्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याने फरशीला भोक पाडून पीव्हीसीचा पाइप थेट छपरावर काढला, त्यावर पंखा बसवला, खड्ड्याला हवाबंद झाकण घातलं. परत मोजलं तर १.१.

तिने खर्चाचं बिल कंपनीला पाठवलंय. घरून काम करायला खुर्ची आणि मॉनिटर त्यांनीच दिले होते, मग हवाही त्यातच धरा, असं लिहून. उत्तर अजून आलेलं नाही.