चाळकेवाडीच्या सड्यावर डांबर कुठपर्यंत?

पहाटे पाचला साताऱ्यात समर्थ मंदिराकडून सायकलवर निघून बोगदा ओलांडला. एप्रिलात उशीर केला की ठोसेघरचा चढ भाजून काढतो. सज्जनगड मागे टाकला, खाली उरमोडीचं पाणी दिसायला लागलं, मग बोलणं बंद आणि नुसती धाप. ठोसेघरला चहा घेतला. धबधब्याच्या जागी या दिवसांत काळा कातळ.

चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, डांबर सोडून पवनचक्क्यांच्या मुरमाच्या रस्त्याला लागलो. चाकांतली हवा थोडी कमी केली. पाती नि क्रेन वर आणायला केलेले हे रस्ते रुंद आहेत, पण जीपगाड्यांनी त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पाडल्यात. दात वाजतात. तरी मला हेच हवं असतं.

कारण कडेच्या दगडावर तो बसलेला असतो! गळ्याखालची निळी, काळी, केशरी झालर पंख्यासारखी उघडतो, मिटतो. 2016 मध्ये त्याचं ‘सरडा सुपर्बा’ असं बारसं झालं. शास्त्रीय नावातही आपला मराठी सरडाच. याच सड्यावरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी फिरकतात, म्हणून तिथे सरडे जास्त. पक्ष्यांपासून वाचलेला हा गडी दगड सोडून रस्त्यात धावला की माझ्या छातीत धस्स होतं. मुरमावर गाडी हळू चालवावीच लागते. डांबर पडलं की रविवारच्या गाड्या सुसाट सुटणार.

एवढा विचार करतोय तोवर दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबली.

“पावणं, सायकल केवढ्याची?”

किंमत निम्मी सांगायची हा माझा नियम. निम्मी ऐकूनही ते म्हणाले, “एवढ्यात गाडी येती की!”

रस्ता डांबरी व्हावा का, ते विचारलं. “व्हायला पायजे. पावसात मुरूम वाहून जातोय, मागचं चाक सरकतंय. मागल्या साली दोन कॅन सांडलं. बाळंतपणाची बाई न्यायची म्हंजे तर जीव मुठीत.”

मी सरड्याचं काढलं नाही. धीरच झाला नाही.

उतरताना मनाशी हिशेब मांडत होतो. वस्तीपर्यंत पक्का रस्ता हवाच, त्यात माझी आवड आणू नये. पण नुसतं डांबर ओतून भागणार नाही. खाली जांभा, माती बोटभर. पाणी मुरायला जागा नाही, ते रस्त्यावरूनच धावतं. आधी गटार आणि मोऱ्या, खड्या चढावर काँक्रीट. नाहीतर दोन पावसाळ्यांत डांबराचे पापुद्रे निघतात आणि उखडलेलं डांबर मुरमापेक्षा वाईट. वस्तीच्या पुढे, चक्क्यांमधल्या सड्यावर मात्र मुरूमच राहू दे. तिथे कुणाचं दूध जात नाही, फक्त आम्ही जातो. थोडे दात वाजले तर वाजू देत.

ठोसेघरच्या खाली एका वळणावर नव्यानं डांबर मारून बारीक खडी पसरली होती. रोलर नीट फिरलेलाच नव्हता. पुढचं चाक गेलं आणि मी आडवा. सबंध सकाळ मुरमावर घालवून पडलो तो पक्क्या रस्त्यावर.

घरी येऊन कोपरातली खडी चिमट्यानं काढली. तीन खडे निघाले, तिन्ही डांबर लागलेले.