डेबियन १२ मधलं लिबरऑफिस: रफाराचा बग कळवायचा की सोडायचा?

नमुन्याला धरलेलं लक्षण: डेबियन १२ (लिनक्सची एक आवृत्ती) मधलं लिबरऑफिस ७.४.७, लोहित देवनागरी फाँट, 'सूर्य'मधला रफार पीडीएफमध्ये बाजूला सरकतो.

७.४ ही मालिका मूळ प्रकल्पाने, म्हणजे लिबरऑफिस बनवणाऱ्यांनी, जून २०२३ मध्येच थांबवली. तिथे नुसतं '७.४.७ मध्ये चुकतं' असं लिहिलं तर 'नव्यात बघा' हेच उत्तर येणार, आणि ते रास्त आहे. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रॅमच्या लेखकाने जुन्या आवृत्त्यांच्या तक्रारींना कंटाळून 'ही आवृत्ती फार जुनी आहे' अशी सूचना प्रोग्रॅममध्येच घातली होती. २०१६ मध्ये डेबियनवाल्यांशी त्यावरून खडाजंगी झाली.

आधी किरकोळ शंका मिटवायच्या. हेल्प मेनूतून सेफ मोड लावून, म्हणजे स्वतःच्या सेटिंग्ज बाजूला ठेवून, बघा. टर्मिनलमध्ये 'एफसी-मॅच' (fc-match) या कमांडला 'व्ही' (-v) पर्याय देऊन फाँटची फाइल कुठली उचलली जाते ते पाहा. होम फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी प्रत पडलेली असली तर बग तिथेच संपतो. पडद्यावर रफार बरोबर आणि फक्त पीडीएफमध्ये चुकीचा असेल, तर संशय एक्स्पोर्टवर.

मग मूळ प्रकल्पाच्या साइटवरचं ताजं डेब पॅकेज (डेबियनवर बसवायची फाइल) घ्या. ते 'ऑप्ट' फोल्डरमध्ये बसतं, डेबियनच्या लिबरऑफिसला धक्का लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. डेबियनचं लिबरऑफिस सिस्टीममधलं हार्फबझ (जोडाक्षरं, रफार यांची मांडणी करणारी लायब्ररी) वापरतं (डेबियन १२ मध्ये ६.०.०), तर प्रकल्पाच्या बिल्डमध्ये (त्यांनी तयार करून दिलेल्या प्रतीत) स्वतःचं हार्फबझ असतं. म्हणजे एका चाचणीत दोन गोष्टी बदलतात. नव्यात रफार जागेवर आला म्हणून लिबरऑफिस सुधारलं असं म्हणता येत नाही. 'लिबहार्फबझ-बिन' पॅकेजमधल्या 'एचबी-व्ह्यू' (hb-view) या कमांडला, जी हार्फबझने मांडलेला शब्द चित्रात दाखवते, तोच फाँट आणि तोच शब्द द्या. तिथेही रफार सरकला तर लिबरऑफिस निर्दोष; मामला फाँटचा किंवा हार्फबझचा.

नव्यातही चुकत असेल तर मूळ प्रकल्पाच्या बगझिलावर (बग नोंदवायच्या साइटवर) कळवा, एका शब्दाची ओडीटी (लिबरऑफिसची फाइल) जोडून. तिथे आवृत्तीच्या रकान्यात बग दिसलेली सर्वांत जुनी आवृत्ती लिहायची असते, तेव्हा ७.४.७ ची चाचणी वाया जात नाही. प्रकल्पाच्या ७.४.७ मध्ये बरोबर आणि फक्त डेबियनच्याच बिल्डमध्ये चुकत असेल तर 'रिपोर्टबग' या प्रोग्रॅमने डेबियनला कळवा. पाठवण्याआधी मजकूर वाचून घ्या: सिस्टीमची माहिती आणि ईमेल पत्ता दोन्ही जाहीर होतात.

नव्यात सुधारलेला असेल तर बहुधा सोडून द्यावा. डेबियनच्या स्टेबलमध्ये, म्हणजे एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत, सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्याच दुरुस्त्या घेतात. सरकलेला रफार त्यात बसणं अवघड. फाइल खराब होत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही नेमकी दुरुस्ती कुठल्या कमिटमध्ये (कोडमधल्या नोंदलेल्या बदलात) झाली ते शोधून द्यावं.

ती शोधायला बायबिसेक्ट: आधीच तयार केलेल्या बिल्डमधून दर वेळी मधलं तपासत, निम्मं निम्मं करत नेमका बदल गाठायचा. तयार बिल्डचं गिट भांडार कित्येक जीबींचं असतं, आधी डिस्कवर जागा करा. इथे शोध उलटा आहे (बिघाड नव्हे, दुरुस्ती शोधायची), त्यामुळे 'गुड-बॅड' लिहिताना हमखास गोंधळ उडतो. गिट बिसेक्टच्या 'टर्म-ओल्ड'ला 'ब्रोकन' आणि 'टर्म-न्यू'ला 'फिक्स्ड' अशी नावं देऊनच सुरुवात करा.