लातुरात बसून कार्टून मालिकेचं पार्श्वसंगीत करताना: माझा अनुभव

कार्टूनच्या भागाचं काम आलं की सूर शोधायच्या आधी मी फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) सरकतात, ते विचारतो. आपल्याकडे टीव्हीसाठी २५, सिनेमासाठी बहुतेक वेळा २४. २४ ने बनलेला ११ मिनिटांचा भाग पुढे २५ च्या वेगाने चालवला, तर तो सव्वीस सेकंदांनी आखूड होतो आणि शेवटाकडचे ठोके सगळे चुकतात.

लयही फ्रेमवरूनच काढतो. २५ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला १५०० फ्रेम. पात्राचं पाऊल दर १२ फ्रेमला पडत असेल तर १२५ ची लय (मिनिटाला १२५ ठोके), १५ ला पडत असेल तर १००, पळापळीत १० वर १५०. एवढा हिशेब जमला की बरेच ठोके ओढाताण न करता चित्रावर बसतात. उरलेल्यांच्या मागे लागत नाही. प्रत्येक उडी आणि पापणीची प्रत्येक उघडझाप वाजवली तर कान लवकर थकतो. एका तुकड्यात दोन-तीन जागा नेमक्या पकडाव्यात, पावलं आणि आदळआपट साउंडवाल्यावर सोडावी.

गाण्याचं उलटं. ओठ गाण्यावर हलवायचे असल्यामुळे गाणं आधी, चित्र नंतर. ॲनिमेटरला पूर्ण गाणं, नुसता गळा आणि नुसती क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) अशा तीन फायली देतो. त्यानंतर लयीला हात लावायचा नाही.

हलगी आणि संबळ सॅम्पलवर, म्हणजे संगणकातल्या तयार ध्वनिमुद्रित आवाजांवर, भागवणं मला पटत नाही. तुळजापूर इथून जवळ आहे, वाजवणारे मिळतात. पण कातडं हवेप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात हलगी उतरते, विस्तवावर शेकावी लागते आणि थोड्या वेळानं पुन्हा उतरते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती चढीच राहते. म्हणून एका तुकड्याचे सगळे टेक एकाच बैठकीत घेतो. पंखा-कूलर बंद, रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, सर्वांत जोराचा ठोकाही उणे १२ डीबीच्या आत, म्हणजे आवाज फाटण्याच्या पातळीच्या निदान १२ डीबी खाली. टेक सुरू झाला की वादकाचा हात तालमीपेक्षा जड पडतो, तेवढी जागा लागतेच. हलगीचा कडक आवाज संवादातल्या च, ट, स वर येतो आणि मुलांना शब्द कळत नाहीत. बोलण्याखाली संबळाचा घुमणारा, खर्जाचा भाग ठेवावा. देवीच्या गोंधळाची चाल मात्र विनोदी पळापळीला लावत नाही.

वीज जाते, म्हणून संगणकाबरोबर बाहेरची हार्डडिस्कही यूपीएसवर हवी.

पाठवताना ताल, सूर, गळा वेगवेगळे, सगळे एकाच टाइमकोडपासून (चित्राच्या घड्याळातल्या एकाच वेळेपासून), मास्टरवर, म्हणजे एकत्र आवाजावर, लिमिटर (जोराचा आवाज दाबणारं साधन) न लावता. चित्र सुरू होण्याच्या बरोबर २ सेकंद आधी एका फ्रेमचा टोन ठेवला की मिक्सरवाला लगेच जुळवून घेतो. सोबत क्यू-शीट: तुकड्याचं नाव, कालावधी, संगीतकार. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी संगीतकाराला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. ती गोळा करणाऱ्या आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं आणि क्यू-शीटची एक प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण पैशांचा हिशेब त्यातल्या सेकंदांवरून लागतो.