मे महिन्यात वाळलेली पाइपची तंबाखू

नागपूरच्या मे महिन्यात उघडे राहिलेले काहीही वाळते हे ठाऊक असूनही, पाइपच्या तंबाखूचा 50 ग्रॅमचा फोडलेला डबा झाकण नुसते दाबून कपाटात ठेवला आणि मी पंधरा दिवस परगावी गेलो. परतल्यावर बोटांत चुरडलेल्या चिमटीचा कुरकुर करत भुगा झाला. तशीच पेटवून पाहिली, तर पाइप हाताला चटका बसण्याइतका तापला आणि जीभ पोळली. मिश्रणातल्या लाटाकियाचा, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या तंबाखूचा, धुरकट वास तेवढा टिकून होता.

मागे एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून अशाच तंबाखूत ओल यावी म्हणून बटाट्याची साल टाकली होती आणि चौथ्या दिवशी पांढरी बुरशी पाहून सगळीच फेकली होती, त्यामुळे या वेळी घाई केली नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तंबाखू 44 ग्रॅम भरली, म्हणजे साधारण 6 ग्रॅम पाणी उडाले होते. ते सगळे परत द्यायचे नाही असे ठरवले, कारण नव्या डब्यातली तंबाखू मला नेहमीच जास्त ओलसर वाटते. ती सारखी विझते आणि नळीत गुळगुळ वाजते. म्हणून 47 ग्रॅमवर थांबायचे होते.

काचेच्या खोलगट भांड्यात तंबाखू मोकळी पसरली. साबणाचा वास नसलेला पंचा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळला आणि भांड्याच्या तोंडावर ताणून सुतळीने बांधला. तो तंबाखूला टेकता कामा नये, कारण टेकेल तिथे लगदा होतो आणि बाकीची कोरडीच राहते. दर तासाला पंचा सोडून तंबाखू खालीवर केली, वजन पाहिले आणि वाळू लागलेला पंचा पुन्हा भिजवला. पहिले दोन तास काटा जणू रुसून बसला होता. संध्याकाळी 45 भरले. रात्री पंचा काढून भांड्यावर झाकण ठेवले, सकाळी पुन्हा बांधला आणि दुपारी 47 झाले. चिमूट दाबून सोडली, तेव्हा ती गोळा होऊन न राहता सावकाश उलगडली.

वरच्या तंतूंना ओल आधी लागते, म्हणून ती आत सारखी मुरावी यासाठी तंबाखू रबरी कड्याच्या काचेच्या बरणीत तीन दिवस ठेवली. आता पाइप शांतपणे जळतो. मिश्रणातल्या व्हर्जिनिया या गोडसर तंबाखूचा गोडवा मात्र थोडा उणावला आहे. तो पाण्याने परत येत नाही. डब्याच्या झाकणाची कड नंतर निरखून पाहिली, तर एका जागी चेपलेली निघाली. तो डबा खिळे ठेवायला काढला आहे.