पाटील सरांशी वाद

17 जानेवारी, शनिवार

सकाळी बेळगावच्या हुतात्मा चौकात जाऊन आलो. गर्दी नेहमीइतकीच, डोकी मात्र दरवर्षी थोडी जास्त पांढरी. 1956 साली मुंबई केंद्राच्या ताब्यात आणि आपण म्हैसूरकडे (म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे), अशी बातमी आली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 17 जानेवारीला, बेळगाव रस्त्यावर उतरलं आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. हे सगळं आम्ही आई-वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आपणच तिथं होतो असं वाटतं.

संध्याकाळी गल्लीतल्या पंच कमिटीची बैठक होती. विषय शिवजयंतीची वर्गणी आणि मराठी शाळेला रंग. वर्गणीचं पाच मिनिटांत उरकलं. शाळेचा विषय निघाला तसा मागं बाकावर बसलेला एक पोरगा उठला. उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, शिफ्ट संपवून तसाच आला होता, हाताला ऑइलचे डाग.

"रंग काढूया की, नको कोण म्हणतंय? पण पटावर पोरं किती हायत ते आधी बघूया. आपल्या गल्लीतली किती जात्यात?"

बरं, सवाल साधा होता. रंगाचा खर्च करणाऱ्यांनी विचारायलाच हवा असा. पण कमिटीतले नाना ताडकन उठले. "हे असलं बोलायला तुला कुणी पाठवलंय? आजच्या दिवशी? हुतात्म्यांचं रक्त सांडलंय इथं." मग आणखी एक जण, मग तिसरा, आणि शेवटी तो शब्द आलाच: गद्दार. पोरगा काही बोलला नाही. हेल्मेट उचललं आणि जिना उतरून गेला.

नानांचा नातू रोज सकाळी टाय बांधून इंग्रजी शाळेच्या रिक्षात बसतो, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक. इतरांच्या घरीही फार वेगळं नाही. मला वाटतं नाना भडकले ते त्याच्यामुळंच. पटाचा आकडा निघाला असता तर तो शाळेपाशी थांबला नसता, एकेकाच्या उंबऱ्यापर्यंत आला असता. गद्दार म्हटल्यावर आकडा द्यावा लागत नाही. नंतर भिंतीच्या पट्ट्याला कुठला रंग द्यायचा यावर मात्र अर्धा तास चर्चा रंगली.

हे फक्त आमच्या गल्लीत होतं असं नाही. 2018 ला आणि पुन्हा 2023 ला समितीचा, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा, एकही आमदार कर्नाटक विधानसभेत गेला नाही. जिथं एकेकाळी समितीची उमेदवारी मिळाली की गुलाल ठरलेला, तिथं. याला कारणं बरीच असतील. पैसा, राष्ट्रीय पक्ष, नव्या पिढीच्या नोकऱ्या. पण 2018 ला एकाच मतदारसंघात समितीचेच दोन-दोन उमेदवार उभे राहिले तेव्हा दोन्ही गट एकमेकांना काय म्हणत होते ते आठवतं. दोघंही निष्ठावंत, दोघंही गद्दार. मतदाराला कुणी समजावून सांगितलंच नाही की नक्की मतभेद कशावर आहे. मला तो अजूनही कुणी सांगितलेला नाही.

18 जानेवारी, रविवार

आज बॅरिस्टर नाथ पैंचा स्मृतिदिन. 1971 साली 17 जानेवारीला ते इथंच हुतात्म्यांच्या सभेत बोलले आणि रात्र उलटायच्या आत हृदयविकारानं गेले. वय पन्नासही नव्हतं. वेंगुर्ल्यात जन्म, पण लहानपण बेळगावात गेलेलं. राजापूरमधून तीनदा लोकसभेवर. सीमाभागातली जुनी माणसं त्यांच्या भाषणाबद्दल बोलायला लागली की डोळे लकाकतात. मला त्यांची आठवण होते ती वेगळ्या कारणासाठी. 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. नाथ पैंनी तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून खासगी विधेयक आणलं. त्यांच्याच समाजवादी विचारांची माणसं विरोधात गेली, कडाडून गेली. विधेयक काही त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही; ते गेल्यावर त्याच वर्षी 24 वी घटनादुरुस्ती झाली. त्या वादात कोण बरोबर होतं यावर आजही दोन मतं पडतील. माझं स्वतःचं मत नाथ पैंच्या विरुद्ध आहे. आणि तरी तो माणूस मला मोठा वाटतो, कारण त्याला खोडून काढायचं तर आधी त्याचं म्हणणं नीट समजून घ्यावं लागतं.

सकाळी पाटील सरांबरोबर व्हॅक्सिन डेपोवर फिरायला गेलो. पाटील सर कानडी. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं आडनावावरून भाषा ओळखायला जाऊ नये. पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे दोन्हीकडं भरपूर.) आम्ही एकाच कॉलेजात शिकवत होतो, निवृत्तही थोडं मागं-पुढं झालो. दर जानेवारीत आमचा एक वाद ठरलेला. त्यांचं मराठी चोख; चिडले की मात्र "अल्ल री" (अहो, तसं नव्हे) पासून सुरुवात होते.

आज पहिल्याच फेरीला त्यांनी नेमकं दुखरं बोट दाबलं.

"अल्ल री, सीमावादावर महाजन आयोग मागितला कुणी? आम्ही? सेनापती बापटांनी उपोषण केलं, महाराष्ट्रानं आग्रह धरला, तेव्हा केंद्रानं 1966 च्या ऑक्टोबरात आयोग नेमला. मेहरचंद महाजन, माजी सरन्यायाधीश. कर्नाटकचे नव्हेत, महाराष्ट्राचे नव्हेत. आणि 1967 ला अहवाल मनासारखा आला नाही म्हटल्यावर तुम्ही तो फेकून दिला. पंच तुम्हीच बोलावला आणि आऊट दिल्यावर क्रीज सोडत नाही."

मी म्हटलं, "सर, आयोगानं निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला द्या म्हटलंय. अहवाल अंतिम म्हणता, मग ती गावं अजून इकडं कशी?"

"कारण तुम्ही नाकारलात! अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूरकडची 247 गावं आम्हाला मिळायची होती, ती कुठं मिळाली? अर्धा अहवाल अमलात आणायचा काय?"

हे मला मान्य करावं लागलं. अर्धा अहवाल चालत नाही. मग मी पाटसकर काढले.

हरि विनायक पाटसकर. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचं भांडण मिटवायला मध्यस्थ म्हणून त्यांना बोलावलं होतं. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलगता या कसोट्यांवर त्यांनी सीमा आखून दिली. 1959 मध्ये संसदेनं कायदा केला, 1 एप्रिल 1960 ला तो अमलात आला, आणि सीमा बदलली. आज तिथं कुणी कुणाच्या बसवर दगड मारत नाही. मी पाटील सरांना म्हटलं, तिथं कसोटी आधी ठरली आणि नकाशा मागाहून उघडला. आपल्याकडं दोन्ही बाजूंनी नकाशा आधी पसरलाय, आणि कसोटी लागेल तशी बदलतोय. तुम्हाला निपाणीत एक कसोटी, बेळगावात दुसरी.

"तुम्हालाही," ते म्हणाले. "जतला तुम्हाला गाव घटक आठवत नाही."

दुसऱ्या फेरीत आवाज चढले. समोरून येणाऱ्या एक बाई मुलाला हाताला धरून वाटेच्या कडेला झाल्या. सर म्हणत होते बेळगाव शहराच्या भोवती कानडी मुलूख आहे, नुसतं शहर उचलून कसं देणार. मी त्यांना पश्चिमेकडं बघा म्हटलं: हिंडलगा, उचगाव, बेळगुंदी करत सलग मराठी गावं, ती थेट चंदगड तालुक्यापर्यंत, आणि चंदगड महाराष्ट्रात. ते थांबले. खरंच थांबले, बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं करून. मग म्हणाले, "बरं. पण शिरगणती कुठली धरायची? 1951 ची की आत्ताची?" हा प्रश्न मोठा आहे. 1951 ची धरा म्हणणाऱ्याला सत्तर वर्षांत इथं जन्मलेल्या माणसांना मोजायचं का नाही ते सांगावं लागतं. आजची धरा म्हणणाऱ्याला राज्यकर्त्यांनी मधल्या काळात काय काय केलं याचा फायदा कुणाला द्यायचा ते सांगावं लागतं.

इतकं भांडून आम्ही दोन वाक्यं कधी बोलत नाही. ते मला "मग महाराष्ट्रात जा की" म्हणत नाहीत. मी त्यांना "हे गाव तुमचं कधी होतं?" विचारत नाही. असं काही ठरवून घेतलेलं नाही. ही दोन वाक्यं तोंडातून गेली की त्यापुढं शिरगणती येत नाही, पाटसकर येत नाही, काहीच येत नाही. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तिथं दोन्ही राज्यांचे वकील एकमेकांना विद्वान मित्र म्हणतात. आणि त्याच दाव्याच्या नावानं आमच्याकडं कुणाच्या तरी तोंडाला काळं फासतात. 2005 साली आमच्या महापौरांना बेंगळुरात फासलं, तेव्हा पाटील सर स्वतः घरी आले होते. दोन तास बसले. त्या दिवशी आम्ही वाद घातला नाही.

परतताना वीरसौध स्मारकापाशी सरांचा मूड बदलला. 1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाचे, हे बेळगावात शेंबडं पोरही सांगतं. त्या आधीचं भांडण फारसं कुणी सांगत नाही. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंना कायदेमंडळात जायचं होतं. गांधींना तो सगळा प्रकारच फुकट वाटत होता. काँग्रेस फुटायच्या बेतात. मग तोड निघाली: दास-नेहरूंच्या स्वराज्य पक्षानं काँग्रेसच्या वतीनं कायदेमंडळात काम करावं, आणि काँग्रेसच्या सभासदानं महिन्याला 2000 यार्ड सूत द्यावं. गांधींचं मत बदललं नव्हतं. दासांचंही नाही. सुताची अट पुढच्याच वर्षी ऐच्छिक करावी लागली, म्हणजे तोडही काही अमर नव्हती. पण पक्ष फुटला नाही. सर म्हणाले, "आज असतं तर दोघांनी एकमेकांना ब्रिटिशांचा एजंट म्हटलं असतं." मी म्हटलं, म्हणणारे तेव्हाही असतील, पण त्यांच्या हातात ठराव लिहायचं काम दिलं नव्हतं.

20 जानेवारी, मंगळवार

भाची आली होती. तिला रविवारचं सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला पेन्शन आहे. तुम्हाला डेपोवर फिरत वाद घालता येतो. मी उताऱ्यासाठी तीन टेबलं फिरले, कागद सगळा कानडीत, आणि टेबलावरचा माणूस मान वर करत नाही. मी शांतपणे बोलायचं, आणि त्यानं?"

तिचं खरं आहे. सभ्यपणा नेहमी खालच्यालाच शिकवला जातो. वरचा गप्प बसला तरी सभ्यच ठरतो. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात नऊ जण गेले, हिंडलग्याला स्मारक आहे. त्यांच्या घरच्यांना हळू बोला म्हणून सांगायची माझी छाती नाही. मी तिला राग आवर म्हटलं नाही. राग कुठं खर्च करायचा एवढंच बोललो.

आणि गंमत म्हणजे तिनं तो माझ्यापेक्षा चांगला खर्च केला होता. पर्समधून अर्जाची प्रत काढली. भाषिक अल्पसंख्याकांच्या तरतुदींत लिहिलंय की एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषिक 15 टक्के किंवा जास्त असतील तर नियम, नोटिसा त्या भाषेतही द्याव्यात. तिनं ते लिहिलं होतं, राज्यघटनेचं कलम 350 ब (भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचं) लिहिलं होतं, आणि खाली एकही विशेषण नव्हतं. अर्ज मराठीत, सोबत कानडी भाषांतर. "भाषांतर कशाला?" मी विचारलं. "त्यानं वाचावा म्हणून," ती म्हणाली. अर्जावर आवक क्रमांकाचा निळा शिक्का होता. उतारा अजून कानडीतच आहे. पण आता कुणाला तरी लेखी उत्तर द्यावं लागणार, आणि 'वाचता आला नाही' हे उत्तर चालणार नाही.

दुसरा मार्ग आपण पाहिलाय. 2025 च्या फेब्रुवारीत भाषेवरून बस कंडक्टरला मारहाण झाली, तिकडं चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसचालकाला काळं फासलं, आणि दोन्ही बाजूंच्या एसट्या थांबल्या. चंदगड, गडहिंग्लजची माणसं दवाखान्याला बेळगावलाच येतात. त्यांनी काय केलं असेल? 2022 च्या डिसेंबरात दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवून घेतल्यावर केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितलं की नेत्यांच्या नावानं खोटे ट्विट फिरवून आग वाढवली होती. आमच्याकडं कितीतरी जणांनी ते पुढं ढकलले असणार. खोटं आहे का हे तपासावंसं वाटत नाही, कारण ते आपल्याला हवं तेच बोलत असतं.

भाची गेल्यावर पाटील सरांचा फोन. रविवारी 1951 ची शिरगणती घेऊन या म्हणाले, तालुकावार, तोंडी नको. मी होय म्हटलं. बापटांच्या उपोषणाबद्दलचं त्यांचं म्हणणं मला अर्धं पटलंय आणि तेही रविवारी सांगून टाकणार आहे: ज्यानं पंच मागितला त्यानं निकाल नाकारताना जास्त कारणं द्यायला हवीत, आणि आम्ही ती कमी दिली. उरलेल्या अर्ध्यासाठी जत तालुक्याचा नकाशाही लागेल. तिथं माझीच बाजू लंगडी पडते, आणि सर तिकडंच वळणार हे नक्की.