लाखाला थोडी कमी

दुपारी जेवून लवंडलो होतो, तेवढ्यात प्राजूचा फोन.

"दादा, स्वाती नक्षत्र आलंय. रू, रे, रो, ता. फुलाचं एखादं नाव सुचतंय का बघ."

प्राजू म्हणजे प्राजक्ता, माझी चुलतबहीण. लेक आठ दिवसांची, बारसं चार दिवसांवर. खिडकीबाहेर सोसायटीच्या फाटकाशी ताम्हण जांभळाजर्द बहरला होता. म्हटलं, "ताम्हण ठेव. महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे."

"बारशाला भांडी येतात तेवढी पुरे," म्हणाली आणि फोन ठेवला.

झोप गेली ती गेलीच. मोगऱ्यासारखं फूल नाही, पण मोगरा नावाची मुलगी काही माझ्या पाहण्यात नाही. मोगरा, चाफा, झेंडू, सगळे 'तो'. जाई, जुई, सायली, केतकी, अबोली या 'ती', त्यांना लगेच पाळणा. व्याकरणानेच निम्म्या बागेला बारशातून हाकललं. प्राजक्तही खरा 'तो'च, पण त्याला एक काना दिला आणि भागवलं. आजीच्या पिढीत एवढीही चिकित्सा नव्हती. कुसुम, सुमन, पुष्पा. तिन्हींचा अर्थ फूल. कुठलं ते विचारायचं नाही. भाजीवाल्याकडे जाऊन 'पाव किलो भाजी द्या' म्हणावं तसं. पुढे लोक नावं शोधायला बागेत उतरले ते असे, की प्राजूच्या वर्गात तीन प्राजक्ता आणि दोन सायल्या. आडनाव ऐकल्याशिवाय कुणी 'हजर' म्हणायचं नाही.

पुरुषांचं बरं आहे. अरविंद, राजीव, पंकज, सगळी कमळंच, पण संस्कृतात असल्यामुळे खपून जातात. एखाद्या झुपकेदार मिशीवाल्या अरविंदरावांना 'अहो कमळ' म्हणून हाक मारून बघा. माझं नाव पंकज. आठवीत संस्कृतच्या बाईंनी फळ्यावर फोड केली: पंक म्हणजे चिखल, ज म्हणजे जन्मलेला. बाई कमळापर्यंत पोचायच्या आत तास संपला. दहावीपर्यंत मी 'चिखल्या' होतो.

प्राजूच्या नावाला मात्र घराणं आहे. समुद्रमंथनातून निघालेला पारिजातक मराठी तोंडात घोळून घोळून प्राजक्त झाला. लिनियसने 1753 मध्ये या झाडाला जे लॅटिन नाव दिलं त्यात 'आर्बोर-ट्रिस्टिस' आहे, म्हणजे दुःखी झाड. रात्री फुलायचं आणि उजाडताच सगळं टाकून मोकळं व्हायचं, याची त्याला दया आली असावी. आमच्या वाईच्या घरी त्याने एक सकाळ काढली असती, तर झाडाची सोडून माझी दया आली असती.

साल 1991, मी नऊ वर्षांचा. काकूच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आजीने प्राजक्ताच्या फुलांची लाखोली बोलली. (आता लाखोली म्हटलं की शिव्यांचीच आठवते.) रोज हजार फुलं, शंभर दिवस. रात्री आजी झाडाखाली जुनं लुगडं अंथरायची. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, हे मात्र चालतं. तरी मातीत नको म्हणून लुगडं. फांद्या शेजारच्या भिंतीवर झुकलेल्या, त्यामुळे बरीच फुलं पलीकडे. ती गोळा करताना आजी सत्यभामेची गोष्ट सांगायची, पण शेजारणीला रुक्मिणी म्हणायची काही तिची तयारी नव्हती.

पाच वाजता मला उठवायची. परातीत दवाने ओली फुलं. दहादहाचे ढीग, असे शंभर; पन्नास तिचे, पन्नास माझे. ओली फुलं एकमेकांना चिकटायची, सोडवायला गेलं की पाकळी मोडायची, आणि मोडलेलं आजी बाजूला काढायची. बोटांची टोकं देठांनी केशरी व्हायची, ती वहीच्या समासाला लागायची. शाळा सातची. आजी शेवटी फक्त ढीग मोजते, ढिगातली फुलं मोजत नाही, हे आठवडाभरात माझ्या लक्षात आलं. तिथून पुढे माझे ढीग नवाचे.

पुढच्या वर्षी नवरात्रात प्राजू झाली. महिनाभर आधीच, पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, बारसं लांबलं; नाव तेवढं आधीच ठरलेलं. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "एक लाख फुलं मोजून घेतलीय ही." आणि मी त्या काचेला नाक लावून, मुठीएवढ्या तोंडाकडे बघत, मनात हिशेब करायचो. रोज पन्नास कमी, त्र्याण्णव दिवस. चार हजार सहाशे पन्नास. पुन्हा केला तरी तेवढेच यायचे. शेवटच्या काही दिवसांत निदान दहाचे ढीग केले होते का, हेही आठवून पाहायचो. नव्हते केले.

संध्याकाळी प्राजूचा परत फोन. "दादा, राहू दे. हिच्या आत्याने रेवा सुचवलंय. नदीचं आहे, फुलाचं नाही, पण गोड वाटतं ना?"

"छान आहे."

"आई मघाशी लाखोलीचं सांगत होती. खरंच लाख वाहिली होती का रे आजीने? तू होतास ना मोजायला?"

"होतो की. मोजून एक लाख."

मागे पोर रडायला लागली. आवाज खणखणीत.

"वजन किती म्हणालीस हिचं?" मी विचारलं.

"तीन किलो दोनशे. का रे?"

"काही नाही, सहज."